आले-गेले

ओळीत मावत नव्हते म्हणून मी दोन शब्द कापले. माझा गुन्हा एवढाच. पुढे जे काही झालं ते त्या दोन शब्दांच्या मागोमाग आपल्या पायांनी चालत आलं, मी बोलावलं नव्हतं.

मी मुळात भित्रा माणूस. (ही म्हणायची, "भिंतीवर पाल दिसली की तुम्ही तिची परवानगी घेऊन खोलीत जाता.") चष्म्याच्या काचा करणाऱ्या कारखान्यात, रवानगी विभागात, मी कारकून आहे. खोकी येतात, खोकी जातात. आलेल्या खोक्यापुढे 'आले' लिहायचं, गेलेल्या खोक्यापुढे 'गेले' लिहायचं, आणि संध्याकाळी आले-गेले जुळलं की घरी जायचं. इतकी वर्षं हे केल्यावर या दोन शब्दांना दुसरा काही अर्थ असतो हे माणूस विसरतो. निदान कचेरीत तरी विसरतो.

ही गेली त्याला आता दीड वर्ष होईल. मागे तिच्या गॅलरीतल्या कुंड्या राहिल्या आणि मी राहिलो. दोघांपैकी कोणालाच कोणाचं काही कळत नव्हतं. मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा घाबरून मी एका ऑनलाइन गटात शिरलो. 'गॅलरीतली बाग' असं त्याचं नाव. सगळी माणसं याच शहरातली, पण कोणी कोणाला पाहिलेलं नाही. प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं, खरं नाव सांगायचं नाही, आणि झाडं सोडून दुसरा विषय काढायचा नाही, असे नियम. मी 'नवशिका' झालो.

तिथे दोन माणसांचा वचक होता. एक कोरफडमावशी. त्या लिहायच्या ते वाचताना आपण रांगेत उभे आहोत असं वाटायचं. आणि दुसरे निवडुंगकाका. गुडघ्यांमुळे त्यांनी चौथ्या मजल्यावरून खाली उतरणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. पण जगातलं कुठलंही झाड का रुसलंय हे ते फोटोवरून सांगत. एकदा त्यांनी मला बुटांच्या खोक्यात घालून निवडुंगाचं रोपही पाठवलं होतं. तेवढ्यापुरते आम्ही नियम मोडून एकमेकांना पत्ते कळवले होते, आणि हिच्यामागे तिच्या कुंड्यांसोबत मी एकटाच असतो हेही मी सांगून टाकलं होतं.

मला तो गट आवडायला लागला त्याचं कारण सांगतो. ही गेल्यापासून जो भेटेल तो मला 'कसे आहात?' असं विचारायचा. याला काय उत्तर देणार? गटात कोणी तसं विचारत नसे. तिथे विचारायचे, 'मोगरा कसा आहे?' याला उत्तर देता यायचं.

मग एकदा कोरफडमावशी तीन-चार दिवस दिसल्याच नाहीत. गटात आधी कुजबुज झाली, मग शांतता, आणि मग सगळे एकदम घाबरले. आम्हाला त्यांच्या कोरफडीच्या प्रत्येक पानाची लांबी ठाऊक होती, पण त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. चौकशी करणार कुठे? शेवटी मावशी परतल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आल्या आल्या सगळ्यांना झापलं, "मी काय मेले की काय समजलात?" सगळे 'छे छे' म्हणाले. सगळे तेच समजले होते.

तेव्हा मला कल्पना सुचली. (मला कल्पना सुचतात तेव्हा ही आधी दूध गॅसवरून उतरवून ठेवायची.) मी व्हिडिओ बघून बघून थोडं प्रोग्रॅमिंग शिकलो होतो. एक छोटंसं ॲप करायचं ठरवलं. सकाळी कुंड्यांना पाणी घातलं की 'पाणी घातलं' हे बटण दाबायचं. बाकीच्यांना कळतं की हा माणूस उठलाय, चालतोय, हातात झारी धरू शकतोय. कुठे जायचं असेल तर दुसरं बटण दाबायचं, मग सगळ्यांना निरोप जातो : 'अमुक बाहेरगावी गेले आहेत.' ज्याचा निरोप त्याला स्वतःला मात्र जात नाही. माणसाला तो स्वतः बाहेरगावी गेल्याचं कळवायची काय गरज?

आणि समजा कोणी दोन दिवस कुठलंच बटण दाबलं नाही, तर ॲप आपण होऊन तोच निरोप पाठवतं. दोन दिवस झाडांना पाणी नाही म्हणजे माणूस बाहेरगावीच असणार. याला दुसरंही कारण असू शकतं, हे मला सुचलं नाही असं नाही. मी ते सुचू दिलं नाही.

मोठ्या कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याला मी फोनवर अभिमानानं सांगितलं.

"मस्त, मामा! युजर किती?"

"सतरा."

"सतरा हजार? बरे आहेत की."

"हजार नाहीत. सतरा."

"मामा, मग वाढवायचं कसं? पुढचा प्लॅन काय?"

"प्लॅन हाच, की सतराचे सोळा होऊ नयेत."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

परवा संध्याकाळी काकांची तक्रार आली. त्यांच्या जुन्या फोनवर निरोपाची ओळ मावत नाही, अर्धीच दिसते. मी बसलो आणि ओळ छोटी केली. 'बाहेरगावी' काढलं, 'आहेत' काढलं. उरलं ते सुटसुटीत होतं, माझ्या रोजच्या वापरातलं होतं. मी समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत खोक्यांची गर्दी होती. आमच्याकडे कामाच्या वेळेत फोन खणात ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर काढला तर पडद्यावर एकच ओळ होती.

'निवडुंगकाका गेले.'

पोळीचा घास हातातच राहिला. छातीत काहीतरी खाली बसलं, जिन्यावरून वजनदार खोकं निसटावं तसं. मग आठवलं की हा शब्द आपणच बसवलाय. गेले म्हणजे बाहेरगावी गेले. मी हुश्श केलं. घास तोंडात घातला.

आणि तो तिथेच थांबला. काका बाहेरगावी? जो माणूस खाली वाण्याकडे जात नाही, दोरीला पिशवी बांधून चौथ्या मजल्यावरून सोडतो, तो बाहेरगावी? म्हणजे त्यांनी बटण दाबलेलं नाही. म्हणजे दोन दिवस त्यांनी काहीच दाबलेलं नाही. म्हणजे...

मी गट उघडला. नव्या संदेशांचा डोंगर होता. वरचे वाचायला धीर झाला नाही, शेवटचे तेवढे वाचले.

'विश्वासच बसत नाही.'

'असं एकाएकी? परवाच तर प्रश्न विचारत होते.'

(काका प्रश्न विचारत होते? काका तर उत्तरं देतात. असो, दुःखात माणसाला काहीही आठवतं.)

'साधा माणूस. झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माया फार.'

हे वाचून माझं डोकं फिरलं. निवडुंगकाकांना झाडांतलं कळत नव्हतं? 'तुमच्या सात पिढ्यांपेक्षा जास्त कळत होतं!' असं मी लिहायला घेतलं. पण गेलेल्या माणसाच्या दारात भांडण नको म्हणून पुसून टाकलं. मी काहीच लिहिलं नाही. ज्याच्या यंत्रानं ही बातमी दिली, त्यानं काय लिहायचं? डबा बंद केला आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, अर्धा दिवस रजा हवी होती. जवळचे एक गृहस्थ गेले."

साहेब चटकन उठून उभे राहिले. "अरेरे. कोण?"

"निवडुंगकाका."

"कोण?"

"निवडुंगकाका."

"नाव काय त्यांचं?"

"नाव माहीत नाही, साहेब."

"वय?"

"माहीत नाही."

"तुमचे कोण लागत होते?"

"तसे कोणीच नाही. भेटलो नाही आम्ही कधी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरचा पेपर कापायचा चाकू हळूच खणात टाकला. "जा तुम्ही," ते फार मऊ आवाजात म्हणाले. "घरी जा. झोपा. घरात दुसरं कोणी... नाही, बरोबर. शेजारी कोणी आहे ना?"

मी रिक्षा केली. पत्ता मला पाठ होता. खोक्यावर एकदा वाचलेला पत्ता न विसरणं हा आमच्या धंद्यातला रोग आहे. रिक्षात बसल्यावर भीतीला जरा निवांतपणा मिळाला आणि ती नीट पसरून बसली. त्या घराचं दार आतून बंद असेल का? मी ते वाजवायचं आणि आतून काही आलं नाही तर काय करायचं? दीड वर्षापूर्वी एक डॉक्टर काचेच्या दारातून बाहेर आले होते आणि माझ्याकडे न बघता तेवढा एकच शब्द बोलले होते. मी तो आदल्या संध्याकाळी माझ्या हातानं टाइप केला होता. मावत नव्हतं म्हणून.

काकांच्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमन एका घडीच्या खुर्चीला सुतळी बांधत बसला होता.

"चौथ्या मजल्यावरचे काका..." मी म्हणालो.

"ते? ते गेले."

मी फाटकाची सळई धरली. "कधी?"

"सकाळीच. मी टाकीची मोटर लावत होतो तेव्हा."

"फार... त्रास झाला?"

"झाला म्हणजे? चार मजले आहेत, साहेब. प्रत्येक वळणावर थांबत थांबत खाली आणलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं इस्त्रीवाला."

"दोघांनीच?"

"अंगात काय आहे त्यांच्या? हलके एकदम. पण काठी काही हातातून सोडेनात."

मला डोळ्यांसमोर ते चित्र दिसलं. काठी घट्ट धरलेली मूठ. मी रुमाल काढला. "शेवटी काही बोलले का हो?"

"बोलले ना. म्हणाले, मीटरनं घे, जास्त मागू नकोस."

"कोणाला?"

"रिक्षावाल्याला."

"रिक्षा? त्यांना रिक्षातून नेलं?"

"मग काय पालखीतून नेणार? स्वतः चढून बसले."

"म्हणजे ते जिवंत आहेत!" मी ओरडलोच.

वॉचमन सुतळी टाकून उभा राहिला. "तुम्ही कोण? आणि चांगल्या माणसाबद्दल भरल्या दुपारी हे अभद्र का बोलताय?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याला ते दिसलं असावं; तो खुर्चीमागे गेला.

"रागावू नका हो. मला चुकीचं कळलं होतं. पण काका तर कधी उतरत नाहीत. गेले कुठे?"

"मयतीला. ओळखीतले कोणीतरी वारले. सकाळी फोनवर बातमी आली म्हणे. बिचारा एकटाच राहायचा. बायको आधीच गेलेली. दार बंद असणार, फोडावं लागेल, म्हणून किल्लीवाल्याचा नंबरपण माझ्याकडूनच घेतला."

माझा आनंद जागच्या जागी विरला. एकटा माणूस, बायको गेलेली, बंद दार. कोण असेल बिचारा? गटातलाच कोणी असेल तर सतराचे सोळा झाले होतेच की; फक्त कोण ते मला माहीत नव्हतं.

"कोण हो? नाव काही बोलले?"

"बोलले. पण ते नावासारखं नाव नव्हतं. नवखा का काय... हां, नवशिका."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

फोन काढला. ॲपच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि थबकलो. पडद्यावर एकसारख्या दोन चौकटी होत्या. एक खरं ॲप. दुसरं खोटं, कुठलाही बदल आधी त्यात करून बघायचा, म्हणून मी तसंच आणखी एक करून ठेवलं होतं. दोन दिवस मी इमानेइतबारे 'पाणी घातलं' दाबत होतो ते खोट्यातलं. त्या खोट्या ॲपच्या हिशेबानं मी ठणठणीत होतो. खऱ्याच्या हिशेबानं मी आज सकाळी गेलो होतो, आणि ज्याचा निरोप त्याला जात नाही हा नियम माझाच होता.

आता गटातले वरचे संदेश वाचले. 'नवशिका गेले,' असा ॲपचा निरोप कोणीतरी तिथे उतरवला होता. त्याखाली मावशी : 'नवशिके, असाल तर बोला.' पुन्हा मावशी : 'बोलत नाहीत. म्हणजे नाहीत.' मग काका : 'पत्ता माझ्याकडे आहे, खाली लिहितोय. निघतोय. बटण दाबलंय.' (इतक्या दुःखातही काकांनी शिस्त सोडली नव्हती.) झाडांतलं ओ की ठो न कळणारा तो साधा माणूस मी होतो.

मी दुसऱ्या रिक्षात बसता बसता घाईनं लिहिलं, 'मी आहे. नवशिका.'

लगेच मावशींचं उत्तर आलं. 'त्यांचा फोन ज्या नालायकानं उचलला असेल त्यानं मुकाट्यानं आणून द्यावा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोस?'

'अहो मावशी, मीच आहे. जिवंत.'

'मग सांग, मोगऱ्याला खत कोणतं?'

मला ते कधीच आठवत नाही. मी उत्तर दिलं नाही. त्यावरून ओळख पटायला हरकत नव्हती, पण पटली नाही.

माझ्या इमारतीचा जिना मी पायांचा आवाज न करता चढलो. आपल्याच घरी जाताना आपण का लपतोय ते मला कळेना. दारात चपलांचा ढीग होता. या दारात असा ढीग मी यापूर्वी एकदाच पाहिला होता. मी जिन्यावरच थांबलो, कठडा धरून. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

"पलंगाखाली पाहिलंत? मोरीत? मग माणूस जातो कुठे? मेलेला माणूस कुलूप लावून बाहेर जात नाही!"

मी आत पाऊल टाकलं. कुलूप उघडून जमिनीवर पडलं होतं, आणि किल्लीवाला त्याच्याकडे कौतुकानं बघत बसला होता. खोलीत सात-आठ अनोळखी माणसं. एक बाई किंचाळल्या. एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "कोण पाहिजे?"

"नवशिका," मी म्हणालो. घाबरलं की मी विचारलं त्याचं उत्तर देतो.

"ते गेले हो, सकाळीच."

"नाही गेलो."

मग पांढरा अंबाडा घातलेल्या एक उंच बाई पुढे आल्या, माझं मनगट उचललं आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. याच कोरफडमावशी; आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होत्या, हे मागाहून कळलं. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखले. माझा तर रोखलेलाच होता.

"आहेत," त्यांनी जाहीर केलं. "ठोके फार जलद आहेत, पण आहेत."

गॅलरीतून काठीचा आवाज आला. एक किरकोळ म्हातारे गृहस्थ, एका हातात काठी, दुसऱ्या हातात हिची झारी.

"तुम्ही गेला होता ना?" ते म्हणाले.

"तुम्ही गेला होता ना?" मी म्हणालो.

"मी तुमच्याकडे गेलो होतो."

"मी तुमच्याकडे."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग झारी खाली ठेवून त्यांनी माझा खांदा दाबला, चाचपून पाहिल्यासारखा. "मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. त्यांची हनुवटी हलत होती, पण तो वयाचाही दोष असेल.

मग सगळे बसले. घरात कप पुरेनात म्हणून काही जणांना चहा वाटीतून दिला. आणि आता एक विचित्र गोष्ट झाली. रोज सकाळ-संध्याकाळ गप्पा मारणारी आम्ही माणसं समोरासमोर बसलो आणि कोणाला काही सुचेना. पंख्याचा आवाज येत राहिला. एकानं खिशातून फोन काढला. मग दुसरीनं. मी माझा उघडला. गटात पहिला संदेश आला होता : 'चहा छान झालाय, नवशिके.' लिहिणारे गृहस्थ माझ्या शेजारी मांडीला मांडी लावून बसले होते. मी लिहिलं, 'आभारी आहे.' त्यावर समोरच्या कोपऱ्यातून कोणीतरी हसलं, आणि मग हळूहळू तोंडं उघडली.

मावशींनी मात्र गॅलरीत नेऊन माझी हजेरी घेतली. मोगऱ्याच्या मातीत त्यांनी बोट खुपसलं, ते पार वरपर्यंत आत गेलं.

"चिखल केलाय नुसता! रोज किती घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. आणि मधे आठवण झाली तर."

"तहानेनं मरेल म्हणून भिता ना? तुमच्या भीतीनं बुडून मरतंय ते. चार दिवस हात लावू नका." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "त्यांच्या हातचं आहे ना? जगेल. मुळं धडधाकट आहेत."

मी मान हलवली. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. नियमच होता तसा.

मग माझ्यावर खटला चालला. गुन्हा कबूल होता, शिक्षा म्हणजे तो शब्द बदलणं. पण बदलून काय घालायचं? "निघाले करा," एकजण म्हणाले. "निघाले म्हटलं की वेळ जवळ आली असं वाटतं," दुसऱ्या म्हणाल्या. "सुटले?" "अहो, सुटले म्हणजे तर पक्कंच!" "आटोपलं?" "राम राम!" "घरी नाहीत?" "नाहीत म्हटल्यावर राहिलं काय?" "प्रवासाला?" "कुठल्या प्रवासाला ते कोण सांगणार?" तासभर डोकं खाजवल्यावर आम्हाला कळून चुकलं, की आपल्या भाषेत माणूस घराबाहेर पडायची सोयच नाही. पडला की गेलाच.

शेवटी तो तिढा काकांनी सोडवला, तेही नकळत. संध्याकाळ व्हायला आली तशी ते काठी टेकत उठले. दाराशी वळून म्हणाले, "बराय, येतो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काय झालं? जातो म्हणू नये, येतो म्हणावं. एवढंही शिकवलं नाही का कोणी?"

मला ते फार चांगलं शिकवलेलं होतं. आमच्या घरातून शेवटचं निघताना, ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी खुर्चीत बसवलं तेव्हासुद्धा, ही दाराकडे हात करून 'येते' म्हणाली होती.

काकांना आम्ही तिघा-चौघांनी मिळून पुन्हा चार मजले चढवलं. (वॉचमननं मला ओळखलं आणि फाटक उघडण्याआधी खुर्ची उचलून आत ठेवली.) परत आल्यावर मी खोटं ॲप पुसून टाकलं आणि खऱ्यात तो शब्द बसवला. 'येतो.' दोन अक्षरं. काकांच्या फोनवर मावून वर जागा उरली. ज्या गोष्टीवर भाच्याची अख्खी कंपनी डोकं फोडत बसली असती, ती आम्ही एका दुपारी सोडवली होती. त्या समाधानात भीती पहिल्यांदाच जरा लांब जाऊन बसली.

आज सकाळी कारखान्याच्या कामासाठी मला दोन दिवस खरोखरच बाहेरगावी निघायचं होतं. बॅग भरली, मोगऱ्याला हात लावला नाही, आणि खऱ्या ॲपमधलं खरं बटण दाबलं. निरोप सगळीकडे गेला : 'नवशिका येतो.'

मी दाराला नवीन कुलूप लावत होतो तेव्हा काकांचा फोन आला. आता आमच्याकडे एकमेकांचे नंबर होते.

"नवशिके," त्यांचा आवाज बारीक झाला होता, "तुम्ही येताय?"

"कुठे?"

"माझ्याकडे. आत्ताच निरोप आला. नाही, या ना. या. फक्त... राहायला येताय का?"

"अहो काका, तसं नव्हे..."

"मावशींचाही फोन आला होता. त्यांना वाटतंय त्यांच्याकडे येताय. शेजारणीला सांगून त्यांनी दाराला बाहेरून कुलूप लावून घेतलंय. तिसऱ्यानं फोन बंद करून ठेवलाय. खरं सांगा, किती दिवस?"

काल मी मेलो असं कळल्यावर ही सगळी माणसं जराही न डगमगता माझ्या दाराशी धावली होती. घाबरली ती आज, मी येतो म्हटल्यावर.